बोटीत बसायच्या आधी पाण्याचं टाइमटेबल बघा

मी एसटीत एकतीस वर्षं काढली. त्यातली शेवटची बारा सातारा स्टँडवर, कंट्रोलरच्या खिडकीत. "गेली का हो गाडी?" असं धापा टाकत विचारणारी हजारो तोंडं पाहिली आणि प्रत्येकाला एकच उत्तर दिलं, "गेली. वेळेवर यायचं." निवृत्त झाल्यावर पहिल्याच सहलीत हे उत्तर मला ऐकून घ्यावं लागलं.

आम्ही बावीस जण कोलाडला राफ्टिंगला निघालो होतो. आमचे मेहुणे, त्यांची पोरं, साडू, पुतण्या, अशी मिनीबस भरून. मुळशीच्या काठावर भजी खायला थांबलो, मग फोटोला थांबलो, मग साडूंना गाडी लागली म्हणून थांबलो. कोलाडला पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. राफ्टवाला पोरगा शांतपणे म्हणाला, "काका, पाणी गेलं."

"पाणी गेलं म्हणजे?"

त्यानं नुसता हात केला. खाली कुंडलिका नदीत गोटे उघडे पडले होते आणि मधल्या डबक्यात चार म्हशी बसल्या होत्या. नारिंगी हाफपँट घालून तयार झालेले मेहुणे माझ्याकडे असं बघत होते, की मी जन्मभर त्या खिडकीतून कसा दिसलो असेन ते मला कळलं.

तेव्हापासून कुठल्याही पाण्यावर जायचं ठरलं की मी आधी एवढंच विचारतो, की हे पाणी कुणाच्या टाइमटेबलवर चालतं? आपल्याकडचं बहुतेक पाणी नुसतं वाहत नाही, त्याला कुणीतरी चालवत असतं. कोलाडला वीजघर चालवतं, कोयनेच्या जलाशयात धरणाची पातळी आणि दुपारचा वारा, मालवणकडच्या खाडीत चंद्र. हे एकदा समजलं की पुढचं सगळं सोपं.

कुंडलिका: सकाळची एकच गाडी

कोलाडला सहा महिने पाऊस नसतानाही नदी उसळते ती कशी, हा प्रश्न मला आधीच पडायला हवा होता. ते पाणी मुळशी धरणाचं. म्हणजे मुळा नदीचं. सरळ गेलं असतं तर पुणे, भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला मिळालं असतं. टाटांनी शंभर वर्षांपूर्वी ते अडवलं आणि डोंगरातून पश्चिमेला वळवून सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात भिऱ्याच्या वीजघरावर सोडलं. भिरा १९२७ साली सुरू झालं. त्या धरणासाठी जमिनी गेलेल्या मावळ्यांनी सेनापती बापटांबरोबर १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह केला, तो आपण शाळेत दोन ओळीत वाचलेला असतो. ताम्हिणीच्या रस्त्याला तो जलाशय डाव्या-उजव्या हाताला दिसत राहतो. तिथं आम्ही भजी खात होतो तेव्हा ज्या पाण्यावर आम्हाला बसायचं होतं, त्याची गाडी खाली सुटत होती.

भिऱ्याहून सुटलेलं पाणी खाली पुन्हा अडवतात, रवाळजेला त्यावर आणखी वीज करतात आणि मग ते कुंडलिकेत येतं. राफ्टवाले त्या सोडलेल्या पाण्याच्या पाठीवर बसून जातात. साधारण सकाळचीच वेळ असते, पण ती त्यांच्या हातात नसते. म्हणून बुकिंग करताना "किती वाजता यायचं" एवढं विचारून भागत नाही. आदल्या संध्याकाळी फोन करून "उद्या पाणी किती वाजता सुटतंय" असं विचारा. बुकिंगची वेळ आणि पाण्याची वेळ वेगळी निघाली तर पाण्याची खरी. पुण्या-मुंबईहून पहाटे निघून पोचण्याची शर्यत लावण्यापेक्षा आदल्या रात्री कोलाड किंवा सुतारवाडीच्या बाजूला मुक्काम करा. मुक्कामी गाडी कधी चुकत नाही, हा एसटीतला अनुभव आहे.

दुसऱ्या खेपेला आम्ही तेच केलं. साडेसातलाच नदीवर होतो. नदी कोरडी. मेहुणे पुन्हा माझ्याकडे बघायला लागले. मग वरच्या अंगाला नुसता आवाज आला, आवाज म्हणजे लांबून रिकामा ट्रक खडीवरून यावा तसा, आणि बघता बघता गोटे एकेक करून बुडाले. पाणी चढताना काठावर उभं राहू नका, खाली उतरून तर मुळीच नाही. आपण फोटो काढत असतो त्या दगडावर पाच मिनिटांत पाणी असतं.

राफ्ट बारा-तेरा किलोमीटर जाते, दीड तासाच्या आसपास लागतो. पोहता येत नसलं तरी चालतं, मला स्वतःला चाळिशीनंतर जेमतेम यायला लागलं. पण खाली लिहिलेलं यायला पाहिजे.

वल्ह्याच्या टोकाला आडवी मूठ असते, तिच्यावरचा हात काहीही झालं तरी सोडायचा नाही. राफ्टमध्ये माणसं पाण्यामुळे कमी आणि शेजाऱ्याच्या त्या मुठीनं जास्त जखमी होतात. आमच्या पुतण्याचा ओठ फुटला तो असाच, माझ्याच वल्ह्यानं. बसायचं काठावर, आणि पाऊल आतल्या आडव्या फुगीर नळीखाली अडकवायचं, कारण पकड पायाची असते, हाताची नाही. गाइड "फॉरवर्ड" म्हणाला की सगळ्यांनी पुढच्याच्या लयीत मारायचं. "गेट डाउन" म्हणाला की प्रश्न न विचारता आत बसायचं.

आणि पडलात तर उभे राहायचा प्रयत्न करू नका. हे मी तीनदा लिहिलं असतं. कमरेएवढ्या पाण्यात माणसाला वाटतं, उभं राहावं. तळातल्या दोन दगडांच्या फटीत पाऊल अडकतं आणि मागून येणारं पाणी माणसाला तोंडावर पाडून दाबून धरतं. पाठीवर झोपा, तोंड आकाशाकडे, पाय पुढे आणि पृष्ठभागाच्या जवळ, म्हणजे दगड आला तर पायानं ढकलता येतो. लाइफ जॅकेट तुम्हाला तरंगत ठेवतं, राफ्ट तुमच्याकडे येते. आमचे साडू पडले होते. ते सांगतात त्याप्रमाणे अर्धा मिनिट, आम्ही बघितलं त्याप्रमाणे सात-आठ सेकंद.

जीन्स घालू नका, भिजली की वाळत नाही आणि जड होते. चष्म्याला मागून दोरी बांधा. चपला नकोत, मागे पट्टा असलेली सँडल किंवा जुने बूट. चौदा वर्षांखालच्या मुलांना बहुतेक ठिकाणी घेत नाहीत, तिथं हुज्जत घालू नका. जो घेतो त्याच्याकडे मोठ्यांनीही जाऊ नये.

शिवसागर: पाण्यावरची एसटी

आता माझ्या घरच्या पाण्यावर येतो. पावसाळ्यात साताऱ्यात सकाळी दोन माणसं भेटली की पहिलं वाक्य "कोयना किती भरलं?" १०५ टीएमसीचं, म्हणजे १०५ अब्ज घनफूट पाण्याचं धरण आहे, त्यामुळे आकडा शंभराजवळ गेला की सगळा जिल्हा जेवल्यासारखा शांत होतो. धरण बांधलं कोयनानगरजवळ, पण त्याचं पाणी मागे डोंगरांच्या घड्यांतून पन्नासेक किलोमीटर थेट तापोळ्यापर्यंत गेलंय. हाच शिवसागर. धरणाच्या भिंतीवरून फिरून येणाऱ्यांनी शिवसागर पाहिला असं मी मानत नाही. तो मागून बघायचा असतो, बामणोलीहून किंवा तापोळ्याहून.

तापोळा महाबळेश्वरकडून जवळ. तिथं कोयना, सोळशी आणि कांदाटी या तीन खोऱ्यांचं पाणी एकत्र येतं, अर्ध्या-एक तासाची फेरी मारून माणसं स्ट्रॉबेरी घेऊन परत जातात. लहान मुलं, आजी-आजोबा असतील तर तेवढं पुरे. मला विचाराल तर बामणोली. साताऱ्याहून कासच्या पठारावरून पस्तीसेक किलोमीटर. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या शनिवार-रविवारी मात्र फुलं बघणाऱ्यांच्या गाड्यांनी कासचा रस्ता तुंबलेला असतो, त्या दिवसांत मधल्या वारी जा किंवा उजाडायच्या आत कास ओलांडा.

बामणोलीहून वासोटा हा खरा प्रवास. लाँचनं तास-सव्वा तास, मग मेट इंदवलीला उतरून अडीच-तीन तासांची जंगलातली चढण, आणि त्याच दिवशी परत. किल्ला कोयना अभयारण्यात आहे, आणि २०१० पासून तो सगळा टापू सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेला. वर मुक्काम करता येत नाही. पावसाळ्यात बंद. म्हणजे हा दिवस उलटा मोजायचा. संध्याकाळी पाचपर्यंत बोट परत काठाला हवी, तर दुपारी एकच्या आत माथा सोडायला हवा, तर सकाळी साडेआठ-नऊला चढायला लागायला हवं, तर साडेसातला लाँच सुटायला हवी. आणि लाँचच्या आधी वनखात्याची परवानगी काढायची असते, सगळ्यांची नावं आणि ओळखपत्रं लागतात. ती यादी घरूनच कागदावर लिहून न्या. काउंटरवर उभं राहून "वहिनी, तुमचं आधार कुठाय" हे सुरू झालं की अर्धा तास जातो. बरोबर नेलेलं प्लास्टिक तपासतात, तेव्हा बिस्किटांचे पुडे घरीच फोडून डब्यात भरा आणि पाण्याला स्टीलच्या बाटल्या घ्या.

बोटीचे पैसे माणशी नसतात, अख्ख्या बोटीचे असतात. चौघे असाल तर महाग पडतं. यावर उपाय वडापवाल्यांचा, म्हणजे सीटा भरल्या की सुटणाऱ्या खासगी जीपवाल्यांचा. जन्मभर मी वडापला शिव्या घातल्या, पण बामणोलीच्या धक्क्यावर मी स्वतः "वासोटा, वासोटा, तीन सीट" असं ओरडून बोट भरली आहे. अनोळखी लोकांबरोबर बोट वाटून घेताना परतीची वेळ तेवढी आधीच ठरवा, सगळ्यांसमोर, नावाड्याच्या साक्षीनं. नाहीतर तुम्ही खाली आणि त्यांचे दोघं अजून किल्ल्यावर फोटो काढतायत, असं होतं. एकदा आम्ही इंदवलीच्या काठावर दीड तास जळवा मोजत बसलो होतो. जळवांवरून आठवलं, ऑक्टोबरात जाणार असाल तर पँट मोज्यात खोचा.

बोटीत बसताना नावाडी सांगेल तिथं बसा. तो माणूस तुमचं वय नाही, वजन बघत असतो. एकाच बाजूला गर्दी करायची नाही हे सगळ्यांना माहीत असतं, आणि मग काठावर कुणीतरी "गवा! गवा!" म्हणून ओरडतं आणि वीसच्या वीस माणसं त्या बाजूला. गवा दिसतो, खरंच दिसतो, सकाळी पाण्यावर येतो. आपापल्या जागेवर बसून बघा, गवा कुठं जात नाही.

पातळीचं गणित असं. ऑक्टोबरात पाणी झाडीला टेकलेलं असतं आणि लाँच जवळपास रस्त्याला लागते. पुढे वीज आणि शेतीसाठी पाणी जात राहतं. कोयनेचं पाणीसुद्धा मुळशीसारखंच उलटं, डोंगराच्या पोटातून पश्चिमेला पोफळीच्या वीजघरावर आणि तिथून वाशिष्ठीत जातं. एप्रिल-मेमध्ये काठ कुठल्या कुठं खाली गेलेला असतो. वाळलेला लाल गाळ वरून टणक आणि आत लोणी. घोट्यापर्यंत पाय जातो, कधी गुडघ्यापर्यंत. तेव्हा उन्हाळ्यात गेलात तर नावाडी ज्या वाटेनं नेईल त्याच वाटेनं उतरा. पाणी ओसरल्यावर कुठं कुठं जुन्या घरांची जोती आणि पाण्यानं काळे पडलेले खुंट दिसतात. तिथं गावं होती, १९६४ पर्यंत धरण पूर्ण झालं आणि ती उठली. आमच्या लाँचवरच्या तात्यांनी एकदा इंजिन मंद करून पाण्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "हितं आमचं खळं." एवढंच. मग पुन्हा इंजिन वाढवलं. म्हणून मोठ्यानं गाणी लावून जाणाऱ्या बोटी मला आवडत नाहीत, पण हे माझं मत झालं.

त्याच खुंटांमुळे तिथं पोहू नका. काठापासून चार पावलांवर तळ एकदम तुटतो, खाली काय आहे दिसत नाही, आणि पोहून आल्यावर बाहेर निघायला गाळ धरू देत नाही. दरवर्षी धरणांवर बुडणाऱ्यांत चांगली पोहणारी मुलं असतात.

वाऱ्याचं टाइमटेबल मात्र लेखी कुठं मिळत नाही. सकाळी शिवसागर ताटासारखा असतो. उन्हं तापली की खोऱ्यातून वारा सुटतो आणि दुपारनंतर लाटा बोटीच्या नाकावर आपटायला लागतात. घाबरण्यासारखं नसतं, पण भिजायला होतं, म्हणून कोरडा शर्ट आणि मोबाइल पक्क्या पिशवीत. एप्रिल-मेमधला वळीव ही वेगळी गोष्ट. दुपारी तीनच्या सुमारास ढग काळेनिळे होऊन वारा एकदम पडला, की पाण्यावर थांबायचं नाही. आधी वारा पडतो, मग उलट्या दिशेनं झोडपून येतो, आणि सपाट पाण्यावर विजेला तुमच्यापेक्षा उंच काही सापडत नाही. नावाडी म्हणाला "आत्ता सोडत नाही," तर त्याला जास्तीचे पैसे दाखवू नका. बसा, चहा सांगा.

सकाळी निघतानाच बामणोलीत जेवण सांगून जा, माणसं मोजून. संध्याकाळी परत आल्यावर पिठलं, भाकरी, खरडा तयार असतो. न सांगता गेलात तर वेफर्स मिळतात.

खाडी: घरच्या कॅलेंडरवर बघा

मालवणजवळ देवबाग आणि तारकर्ली ही कर्ली नदीच्या मुखाशी. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मध्ये माडांची पट्टी. स्वतः वल्हवायची कयाक शिकायला यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही, पण समुद्राच्या नव्हे, खाडीच्या बाजूला. इथं चंद्राचा हिशेब लागतो, आणि कोकणातली माणसं तो तोंडी करतात. तिथीला तीननं गुणा, चारनं भागा. येईल ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाच्या पुढे भरती, आणि दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा, पण ढोबळ बेत आखायला पुरतं. भरती रोज पाऊण तासानं पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, तेव्हा ओढ जास्त. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी सौम्य. नवख्यांनी भांगाचे दिवस निवडावेत.

कयाकचा नियम एकच, येताना आराम हवा. भरती चढत असताना तिच्याबरोबर खाडीत वर जा, पाणी थांबलं की वळा, ओहोटी तुम्हाला परत आणते. पण ती थेट मुखापर्यंत नेते, हे विसरू नका. संगमावर बाहेर पडणारं पाणी आणि आत येणाऱ्या लाटा एकमेकांवर उभ्या राहतात. तिथं स्थानिक बोटवाल्याशिवाय जायचं नाही. धक्का दिसायला लागला की काठाच्या बाजूनं या. धरणावर कयाक मिळाली तरी हाच नियम वाऱ्याला लावा. आधी वाऱ्याच्या तोंडावर जा, म्हणजे दमल्यावर तो पाठीशी असतो. माझी पुतणी एकदा वारा पाठीशी घेऊन मजेत निघाली, आणि तिला दोरीनं ओढून आणावं लागलं.

मेच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत समुद्राकडचं हे सगळं बंद असतं. त्या दिवसांत कुणी "चला, मी नेतो" म्हणालं तर जाऊ नका.

जॅकेटबद्दल राहिलं. अंगात घातलं, सगळी बक्कलं लावली, की शेजाऱ्याला सांगायचं, खांद्यांचे दोन्ही पट्टे धरून वर ओढ. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते पाण्यात डोक्यावरून निघून जाणार, पट्टे आवळा किंवा दुसरं घ्या. लहान मुलांना मोठ्यांचं जॅकेट म्हणजे काहीच न घातल्यासारखं. जॅकेट मांडीखाली घेऊन बसणारे आणि "उकडतंय" म्हणून बक्कल सोडणारे मी सगळ्याच पाण्यांवर पाहिलेत. माझ्या बोटीत मी त्यांना उतरवतो, मग ते माझे साडू असले तरी.

आणि कोलाडला तुमचंही पाणी गेलंच, तर नदीकडे बघत बसू नका. वाकणफाट्यावरून पालीचा बल्लाळेश्वर तासाभराच्या आत येतो. आम्ही त्या दिवशी तिकडेच गेलो. मेहुण्यांना नारिंगी हाफपँटवर देवळात कसं जायचं असा प्रश्न पडला, तेव्हा मिनीबसच्या ड्रायव्हरनं स्वतःचं उपरणं दिलं. ते अजून घरी सांगतात, की आम्ही मुळात गणपतीलाच निघालो होतो.